जपानी तलवारीची पारख

तलवार जुनी असली म्हणजे पारख्यापुढे पहिला प्रश्न उभा राहतो तो हा, की ही कोणाच्या हातची? तलवार नवी असली तर हा प्रश्न उरतच नाही. घडविणाऱ्याचे नाव, त्याचे गाव आणि घडविल्याचे साल ही सारी मुठीत दडणाऱ्या भागावर छिन्नीने कोरलेली असतात. पुष्कळदा तो कारागीर स्वतः समोर बसलेला असतो. मग उरतो तो दुसरा आणि अधिक अवघड प्रश्न: ही तलवार चांगली आहे काय? जपानमध्ये गेल्या दोन शतकांत तलवारीच्या पारखीचा जो इतिहास घडला, तो बव्हंशी या दोन प्रश्नांमधील अंतराचा इतिहास आहे. ज्या शस्त्राचा वापर करण्याचे प्रयोजनच संपले आणि ज्याला कायद्याने केवळ कलावस्तू म्हणून जगण्याची मुभा दिली, त्याचे खरेखोटेपण कोणत्या कसोटीवर ठरवावे, असा हा पेच आहे.

मराठी माणसाला हा विषय अगदीच परका वाटण्याचे कारण नाही. तलवारीला पाणी असते, हे आपल्या भाषेने फार पूर्वी ओळखले आहे. पाणी देणे म्हणजे तापलेले पोलाद विझवून कठीण करणे. आणि त्या क्रियेतून पात्यावर जे तेज चढते त्यालाही आपण पाणीच म्हणतो. माणसाच्या तेजस्वीपणाला पाणीदार हे विशेषण आपण लावतो. जपानी पारखीचा निम्मा भाग या पाण्याभोवतीच फिरतो. म्हणून ते पाणी तिकडे कसे चढते, हे आधी थोडक्यात पाहिले पाहिजे.

जपानी तलवारीचे पोलाद खाणीतल्या दगडापासून न करता नदीकाठच्या व डोंगरातल्या काळ्या लोहवाळूपासून करतात. 'तातारा' नावाच्या मातीच्या भट्टीत ही वाळू आणि लोणारी कोळसा आळीपाळीने टाकीत तीन दिवस व तीन रात्री भट्टी अखंड पेटती ठेवावी लागते. शेवटी भट्टीच्या भिंती फोडून आतला पोलादाचा ओबडधोबड गोळा बाहेर ओढतात. त्यातील निवडक, स्वच्छ तुकड्यांना 'तामाहागाने' असे नाव आहे. लोहार हे तुकडे तापवून, घणाखाली ठोकून, मध्ये दुमडून पुन्हा जोडतो. ही घडी दहा-पंधरा वेळा पडते. पंधरा घड्या पडल्या तर गणिताने ३२,७६८ थर होतात. पण थरांची संख्या हा या खटाटोपाचा उद्देश नव्हे. मळ बाहेर पडावा आणि पोलाद सर्वत्र सारखे व्हावे, हा त्याचा हेतू. बहुतेक पात्यांत बाहेर कठीण पोलादाचे कवच आणि आत मऊ लोखंडाचा गाभा ठेवतात.

यानंतर येतो तो पाणी देण्याचा क्षण. पात्यावर माती, कोळशाची पूड आणि दगडाची पूड यांचा लेप देतात. धारेपाशी पातळ, पाठीपाशी जाड. अंधाऱ्या शाळेत, निखाऱ्याच्या रंगावरून उष्णता जोखून, लोहार ते पाते पाण्यात बुडवितो. पातळ लेपाखालची धार तत्क्षणी थंड होऊन अतिशय कठीण बनते. जाड लेपाखालची पाठ सावकाश निवते आणि चिवट राहते. कठीण झालेले पोलाद किंचित फुगते, म्हणून जवळजवळ सरळ असलेले पाते पाठीकडे वाकते आणि तलवारीला तिची कमान मिळते. कठीण आणि मऊ पोलादाच्या सीमेवर धुक्यासारखी जी शुभ्र रेषा उमटते, तिला 'हामोन' म्हणतात. याच क्षणी धारेला तडा गेला, तर कित्येक आठवड्यांचे श्रम वाया जातात. लोहाराचे सारे भवितव्य अशा रीतीने काही क्षणांच्या हाती असते.

या वस्तूची पारख करणारे दोन पंथ जपानमध्ये जुन्या काळीच निर्माण झाले. एकाचे साधन डोळा, दुसऱ्याचे साधन हात. डोळ्याच्या पंथाचे मुख्य घराणे होन्नामी यांचे. तलवारींना जिल्हई करणे, त्यांची निगा राखणे आणि त्यांचा कर्ता ओळखणे हा या घराण्याचा पिढीजात व्यवसाय. आपल्याकडील शिकलगार आणि रत्नपारखी या दोघांचे काम जणू त्यांनी एकत्र केले होते. सोळाव्या शतकाच्या अखेरीस तोयोतोमी हिदेयोशीच्या आश्रयाखाली या घराण्यातील कोतोकु याचा शब्द प्रमाण मानला जाऊ लागला. पुढे तोकुगावा राजवटीत होन्नामींनी दिलेले दुमडलेल्या कागदावरील प्रमाणपत्र तलवारीची किंमत ठरवी. १७१९ साली शोगुन योशिमुने याच्या आज्ञेवरून या घराण्याने देशातील नामांकित तलवारींची एक यादीच तयार केली.

हाताच्या पंथाचे घराणे यामादा असाएमोन यांचे. देहदंड झालेल्या गुन्हेगारांच्या प्रेतांवर तलवार चालवून तिची धार तपासणे, हे त्यांचे काम. चाचणीचा निकाल मुठीतल्या भागावर सोन्याच्या अक्षरांत जडवून ठेवण्याची चाल होती. आजच्या मनाला हा प्रकार शिसारी आणणारा वाटेल, आणि तसा तो होताही. पण १७९७ साली या घराण्याच्या अनुभवावर आधारलेला जो ग्रंथ प्रसिद्ध झाला, त्यात लोहारांची प्रतवारी केवळ कापण्याच्या गुणावर लावलेली आहे. आणि डोळ्याला सुंदर दिसणारी प्रत्येक तलवार या यादीत वर आलेली नाही. दोन्ही पंथांचे निकाल सर्वत्र जुळत नाहीत, हे त्या काळच्या जाणकारांना पुरेपूर ठाऊक होते.

दीर्घ शांततेच्या काळात डोळ्याचा पंथ वरचढ ठरला, हे स्वाभाविकच होते. समुराईच्या कमरेची तलवार वर्षानुवर्षे म्यानाबाहेर पडत नसे. ओसाकाच्या लोहारांनी हामोनच्या रेषेत समुद्राच्या उसळत्या लाटा उठविल्या आणि ग्राहक भुलले. सुइशिन्शी मासाहिदे (१७५० ते १८२५) हा लोहारही आरंभी याच वाटेने गेला. परंतु अशी रुंद, भपकेबाज पाण्याची पाती आघाताने मोडतात, असे त्याच्या अनुभवास आले. आणि त्याने जुन्या, साध्या पद्धतीकडे परतण्याचा आग्रह ग्रंथांतून व शिष्यांच्या द्वारे धरला.

या वादाचा सर्वांत कठोर निवाडा १८५३ साली मात्सुशिरो येथील सानादा सरदारांच्या दरबारी झाला. संस्थानाने तायकेई नाओताने या मासाहिदेच्याच प्रसिद्ध शिष्याकडून शस्त्रे घेतली होती आणि त्यांच्या मजबुतीविषयी शंका निर्माण झाली होती. म्हणून संस्थानाच्या अधिकाऱ्यांनी निरनिराळ्या तलवारींची उघड चाचणी ठेवली. पेंढ्याचे जुडगे, हरणांची शिंगे, लोखंडी पत्रे, शिरस्त्राणे अशा वस्तूंवर पाती चालविण्यात आली. नामवंत नाओतानेचे पाते या परीक्षेत टिकले नाही. यामाउरा मासाओ या त्याच प्रदेशातील लोहाराचे पाते मात्र वाकले, खरचटले, पण हट्टाने टिकून राहिले. अखेर त्याच्या पाठीवर व बाजूंवर घणाचे घाव घालावे लागले. त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात अमेरिकेचा नाविक अधिकारी पेरी आपल्या काळ्या आगबोटी घेऊन जपानच्या किनाऱ्यावर उतरला. तलवार कशी असावी, याचा निर्णय लागतो न लागतो, तोच तलवारीचे युग संपत आले होते.

२८ मार्च १८७६ रोजी जपानी सरकारने तलवार बाळगून हिंडण्यास बंदी केली. दोनच वर्षांनी, १८७८ मध्ये, हिंदुस्थानात इंग्रजांनी शस्त्रकायदा केला, हा योगायोग लक्षात घेण्याजोगा आहे. अर्थात दोन्हींचे हेतू वेगळे होते. तिकडे आपल्याच सरकारने नव्या सैन्यासाठी जुन्या योद्धावर्गाचे चिन्ह काढून घेतले. इकडे परक्या सरकारने प्रजेला निःशस्त्र केले. पण लोहाराच्या ऐरणीवर परिणाम सारखाच झाला. जपानमधील तलवारीचे कारागीर कोयते, कात्र्या, सुऱ्या करू लागले. थोड्यांनी मात्र विद्या सोडली नाही. ओसाकाचा गास्सान सादाकाझु हा त्यांपैकी एक. १९०६ मध्ये मियामोतो कानेनोरी याच्यासह त्याला राजघराण्याचा कलावंत म्हणून मान मिळाला. तलवार घडविणाऱ्याला चित्रकार व मूर्तिकार यांच्या पंक्तीस बसविण्याची ही सुरुवात होती.

विसाव्या शतकाच्या चौथ्या दशकात जपानवर लष्करशाहीची छाया पडली आणि तलवारीला पुन्हा मागणी आली. १९३३ मध्ये तोक्योच्या यासुकुनी मंदिराच्या आवारात जुन्या पद्धतीने तलवारी घडविणारी शाळा सुरू झाली. परंतु लक्षावधी सैन्याला पुरतील इतक्या तलवारी हातांनी कशा घडणार? कारखान्यातील पोलादाच्या पट्ट्या कापून, यंत्राच्या घणाखाली ठोकून आणि तेलात विझवून हजारोंनी पाती तयार करण्यात आली. १९४४ साली मणिपुरातील सांगशाक येथे मराठा पलटणीचे जवान ज्या सैन्याशी झुंजले, त्याच्या अधिकाऱ्यांच्या कमरेलाही तलवारी होत्या. आणि त्या काळच्या लष्करी तलवारींत अशा कारखानी मालाचाच भरणा अधिक होता. या पात्यांवर कधी कधी हामोनसारखी रेषाही दिसते, पण तिच्यात जीव नसतो. या युद्धात तलवारीच्या नावाने जी कृत्ये झाली, त्यांचा डाग हातघडीच्या तलवारीलाही लागला, आणि तो लागणे अन्यायाचे होते असे सरसकट म्हणता येणार नाही.

१९४५ मध्ये जपान शरण आला आणि विजयी सैन्याने देशातील सर्व शस्त्रे जमा करण्याचा हुकूम काढला. यंत्रघडीची तलवार आणि सातशे वर्षांपूर्वीची तलवार यांत शिपायाला फरक दिसण्याचे कारण नव्हते. लाखो तलवारी गोळा झाल्या. कित्येक वितळविल्या गेल्या, कित्येक समुद्रात बुडविल्या गेल्या, पुष्कळ परदेशी सैनिकांनी स्मृतिचिन्हे म्हणून नेल्या. या वेळी होन्मा जुन्जी आणि सातो कानइची या दोन पारख्यांनी जे काम केले, त्याला तोड नाही. अमेरिकन सैन्यातील कर्नल कॅडवेल या अधिकाऱ्याला त्यांनी जुन्या तलवारी दाखविल्या, त्यांतील भेद समजावून दिला, आणि जिचे मोल शस्त्र म्हणून नसून कला म्हणून आहे अशी तलवार वगळावी, हे त्याला पटविले. तोक्योच्या आकाबाने भागातील कोठारात साठलेल्या ढिगांतून साडेपाच हजारांच्या आसपास तलवारी निवडून वाचविण्यात आल्या. पारखीच्या विद्येने आपल्या विषयाचे प्राण वाचविल्याचे याहून मोठे उदाहरण क्वचितच सापडेल.

परंतु या बचावाची एक किंमत होती. तलवार ही कलावस्तू आहे, या एका वाक्याच्या आधारावर ती वाचली. म्हणून पुढे तिला त्या वाक्याच्या मर्यादेतच राहावे लागले. १९४८ मध्ये कलामूल्य असलेल्या तलवारींच्या रक्षणासाठी संस्था स्थापन झाली. १९५३ मध्ये ईसे येथील महामंदिराचे युद्धामुळे लांबलेले पुनर्निर्माण पार पडले, आणि देवतेला अर्पण करावयाच्या तलवारींच्या निमित्ताने काही जुन्या कारागिरांच्या भट्ट्या पुन्हा पेटल्या. हळूहळू सरकारी परवान्याने नव्या तलवारी घडविण्यास मोकळीक मिळाली. १९५८ च्या कायद्याने या व्यवहाराला कायमचे रूप दिले. नव्या लोहाराला परवानाधारक गुरूकडे पाच वर्षे उमेदवारी करावी लागते आणि सरकारी परीक्षा द्यावी लागते. कारागिराने महिन्याला दोनच लांब तलवारी घडवाव्यात, असे बंधन घालण्यात आले. घाईने काम होऊ नये, हा त्यामागील हेतू. पण त्यामुळे धंद्यावर पोट भरणे कठीण झाले, हेही खरे.

१९५५ मध्ये दोन महत्त्वाच्या गोष्टी घडल्या. ताकाहाशी सादात्सुगु या लोहाराला शासनाने जिवंत राष्ट्रीय ठेवा म्हणून मान दिला. तलवार घडविणाऱ्याला हा मान प्रथमच मिळत होता. त्याच वर्षी नव्या तलवारींचे पहिले स्पर्धात्मक प्रदर्शन भरले. नागानो प्रांतातील मियाइरी आकिहिरा याने त्यात विशेष सन्मान मिळविला आणि पुढेही सलग काही वर्षे तो राखला. १९६३ मध्ये तोही राष्ट्रीय ठेवा ठरला. त्यानंतर १९७१ मध्ये गास्सान सादाइची आणि १९८१ मध्ये सुमितानी मासामिने यांना हा मान लाभला. १९७७ मध्ये शिमाने प्रांतातील योकोता येथे तातारा भट्टी पुन्हा उभी राहिली. युद्धकाळात अशाच भट्टीवर राबलेल्या वृद्ध कारागिरांच्या हातांत ती विद्या अजून शिल्लक होती, म्हणूनच हे शक्य झाले.

आता मूळ प्रश्नाकडे वळता येईल. अशा नव्या तलवारीची पारख कशी करतात?

जपानी पारख्यांचा क्रम ठरलेला आहे: आधी आकृती, मग पोलाद, मग हामोन. पाते हात लांब करून उभे धरतात आणि प्रथम केवळ त्याची बाह्यरेषा पाहतात. कमान कोठे अधिक आहे, मुठीजवळ, मध्यावर की टोकाकडे? मुळाशी असलेली रुंदी टोकापर्यंत कशी कमी होत जाते? पाठ सरळ उतरते की कोठे लचकते? पात्याच्या बाजूंवरून वाहणारी कंगोऱ्याची रेषा टोकापाशी नेमकी मिळते की डळमळते? हौशी माणसाची नजर एकदम चमकदार हामोनकडे धावते. जाणकार तिकडे सर्वांत शेवटी पाहतो. कारण हामोन सुंदर पण आकृती बेडौल, असे पाते म्हणजे सुरेख वेलबुट्टी काढलेली वाकडी भिंत होय.

मग दिव्याच्या प्रकाशात पाते तिरपे करून पोलादाचा पोत पाहतात. घड्या पडल्यामुळे त्यावर लाकडाच्या शिरांसारखी बारीक नक्षी उमटते. ती दाट आहे की सैल, सर्वत्र सारखी आहे की मध्येच तुटते, पोलाद ओलसर व सजीव दिसते की कोरडे, हे प्रश्न येथे येतात. नव्या तलवारीचा खरा कस याच ठिकाणी लागतो. तेराव्या-चौदाव्या शतकांतील बिझेन प्रांताच्या पात्यांवर हामोनच्या वर जी धूसर सावली दिसते, ती उतरविण्यासाठी आधुनिक लोहारांनी आपली उमर खर्ची घातली आहे.

हामोनची परीक्षा त्यानंतरची. रेषा कोणत्या आकाराची आहे, यापेक्षा ती कशाची बनली आहे, हे महत्त्वाचे. तिच्यातील कण तारकांसारखे सुटे चमकतात की धुक्यासारखे विरघळतात, ती टोकापर्यंत अखंड जाते की मध्ये विझते, हे पाहावयाचे. सर्वांत घातक दोष म्हणजे धारेवरची आडवी बारीक चीर. ती केसाएवढी असली तरी तलवार बाद ठरते, कारण पहिल्या आघाताला पाते तेथेच मोडते. पोलादावरचा फोड किंवा जोडाची उघडी रेघ हे दोष डोळ्याला अधिक खुपतात, पण ते तितके जीवघेणे नसतात. सौंदर्याचा दोष आणि शस्त्राचा दोष यांतील हा भेद ज्याला कळला, त्याने निम्मी विद्या आत्मसात केली असे समजावे.

येथे शिकलगाराचाही विचार करावा लागतो. लोहाराने केलेले काम शिकलगाराच्या दगडांवाचून दिसतच नाही. अनेक प्रकारच्या दगडांनी, एकापेक्षा एक मऊ, तो पात्याला उजाळा देतो. मेइजी काळापासून हामोनच्या कडेने पोलाद पांढरे करून दाखविण्याची पद्धत रूढ झाली. त्यामुळे रेषा दुरून उठून दिसते, पण मूळ हामोन नेमका कोठे आहे, हे झाकले जाऊ शकते. म्हणून पारखी पात्याला दिव्याखाली असा कोन देतो की शिकलगाराचा पांढरा रंग मावळावा आणि लोहाराचे मूळ काम उजेडात यावे. शेवटी मूठ उतरवून आतला भाग पाहतात. जुन्या तलवारीत तेथील गंज शतकांची साक्ष देतो; नव्या तलवारीत गंज नसतो. उरतात ते कानशीचे ओरखडे आणि कोरलेली अक्षरे. जो भाग सदैव मुठीत झाकलेला राहावयाचा, तोही लोहाराने मन लावून पुरा केला आहे काय, हे तेथे कळते.

ही सारी पारख ज्या रीतीने करतात, तीही विद्येचाच भाग आहे. तलवार हाती घेण्यापूर्वी तिला लवून अभिवादन करतात. धार वरच्या बाजूला ठेवून, पाते म्यानाला घासणार नाही अशा बेताने ते सलग बाहेर काढतात. उघड्या पात्याला बोट लावीत नाहीत, कारण घामाने डाग पडतो. त्याच्यावर बोलत नाहीत, कारण श्वासाची वाफ लागते. दुसऱ्याच्या हाती देताना त्याची पकड बसली अशी खात्री झाल्यावरच आपला हात सोडतात. हे नियम वरवर शिष्टाचाराचे वाटतात. वस्तुतः त्यांत एक जाणीव दडलेली आहे: प्रदर्शनात मांडलेली ही वस्तू अजूनही बोट तोडू शकते.

आणि इथेच हाताचा पंथ पुन्हा डोके वर काढतो. म्यानातून तलवार उपसून वार करण्याची जी विद्या जपानमध्ये आजही शिकविली जाते, तिच्या साधकाला केवळ डोळ्याची पारख पुरत नाही. लांब तलवारीचे पाते दोन शाकु, म्हणजे साठ सेंटिमीटरांहून अधिक असते, आणि मुठीसह तिचे वजन किलोग्रॅमच्या आसपास भरते. पण वजनाच्या आकड्याने काहीच समजत नाही. एकाच वजनाच्या दोन तलवारींपैकी एक हातात हलकी वाटते आणि दुसरी मनगट ओढते. टोक जड असेल तर वार सुरू होतो, पण थांबविता येत नाही. टोक फारच हलके असेल तर वार थांबतो, पण कापीत नाही. पाते मुळाकडून टोकाकडे किती निमुळते होते, त्याची जाडी कशी उतरते, बाजूंना पन्हळ कोरलेली आहे की नाही, यांवर हा तोल अवलंबून असतो. पन्हळीने वजन घटते आणि वार सरळ गेला तर स्पष्ट शीळ ऐकू येते. वाकडा गेला तर ती विरते. पाते आपल्या धन्याचा दोष असा उघड बोलून दाखविते.

मुठीकडेही दुर्लक्ष करून चालत नाही. मऊ लाकडाचे दोन अर्ध, त्यांवर पाकट माशाचे खरखरीत कातडे, त्यावर आवळून गुंडाळलेली फीत, आणि पाते अडकवून ठेवणारी बांबूची एक लहानशी खुंटी, इतकाच हा संसार. पण ती खुंटी सैल असेल तर उत्तमोत्तम पातेही वाराच्या वेळी निसटते. म्हणून साधक म्यानाला हात घालण्याआधी खुंटी चाचपून पाहतो.

हाताच्या कसोटीलाही तिच्या मर्यादा आहेत, हे विसरता कामा नये. आजकाल भिजविलेल्या गवती चटयांच्या गुंडाळ्यांवर तलवार चालवून पाहतात. अशा मऊ लक्ष्यासाठी रुंद आणि पातळ पाते सोयीचे पडते. पात्याच्या बाजूंवरील फुगीरपणाला जपानी भाषेत 'मांस' म्हणतात. ते जितके कमी, तितकी चटई सहज कापली जाते. पण तेच पाते कठीण वस्तूवर पडले तर धारेचा टवका उडतो. मात्सुशिरोच्या चाचणीत मासाओचे पाते ज्या गुणामुळे टिकले, त्या गुणाची चटईवर परीक्षाच होत नाही. परीक्षा जशी बदलते, तशी वस्तूही हळूहळू बदलत जाते. प्रदर्शनातील पारितोषिकांमुळे दिखाऊ हामोनला महत्त्व येते, असा आक्षेप साधक घेतात; चटया कापण्याच्या शर्यतीमुळे तलवारीची आकृती बिघडते, असे कलापारखी म्हणतात. दोघांचेही म्हणणे थोडेबहुत खरे आहे.

मग निर्णय कोणी द्यावा? जपानी भाषेत तलवारीच्या गुणांविषयी एक जुने सूत्र आहे: मोडू नये, वाकू नये आणि चांगली कापावी. या तीन अटी परस्परविरोधी आहेत. जे कठीण असते ते मोडते. जे मऊ असते ते वाकते. कठीण धार आणि चिवट पाठ एकाच पात्यात नांदविणे, हाच लोहाराचा सारा पराक्रम. हामोन ही त्या समेटाची सीमारेषा आहे. म्हणून उत्तम तलवारीत जे सुंदर दिसते, ते बहुधा काही तरी काम करीत असते. कमान वाराला मदत करते, निमुळतेपणा तोल सांभाळतो, घड्यांची नक्षी पोलादाच्या शुद्धतेची साक्ष देते. जेथे रेषेला काहीच काम नसते, जेथे लाट केवळ लाट दिसावी म्हणून उठविलेली असते, तेथे डोळा क्षणभर सुखावतो आणि मग त्याला कंटाळा येतो. शस्त्राची कसोटी आणि सौंदर्याची कसोटी या खोलवर गेल्यावर एकमेकींना भेटतात. त्या वेगळ्या दिसतात त्या उथळ पाण्यातच.

आधुनिक जपानी लोहाराची अवस्था यामुळेच विलक्षण झाली आहे. तो जे घडवितो, ते कधीही कोणावर चालू नये, अशी त्याची, त्याच्या समाजाची आणि त्याच्या कायद्याची इच्छा असते. तरीही त्याने ते असे घडवावे लागते, की चालले तर मोडणार नाही. ज्या आघाताची परीक्षा कधीच होणार नाही, त्या आघाताला टिकेल असे काम करणे, यात फसवणुकीला पुष्कळ वाव आहे. बाहेरून तेज चढवून आतला गाभा कच्चा ठेवला तर तो कोण पाहणार? येथे कायद्याचे काही चालत नाही आणि पारितोषिकाचेही चालत नाही. चालते ते एकट्या कारागिराच्या सचोटीचे. आणि त्या सचोटीला ओळखणारा कोणी तरी असावा लागतो. १९४५ साली दोन पारखी होते म्हणून जुन्या तलवारी वाचल्या. नव्या तलवारींचे भवितव्यही अखेर अशाच डोळ्यांवर अवलंबून आहे, ज्यांना शिकलगाराच्या पांढऱ्या रंगाखालचे पोलाद दिसते आणि ज्यांच्या मनगटाला तोल कळतो. असा जाणकार समोर आहे, हे ठाऊक असलेला लोहार मुठीत झाकला जाणारा भागही कानशीने नीट साफ करतो.